जलतरण तलाववाल्या आंबेवाल्यांस

रा. रा. बागायतदार शेठ यांस,


तुमच्या बागेत जलतरण तलाव आहे हे कळल्यापासून मला झोप नाही. पावसच्या वाटेवरची तुमची कलमं मी शाळेत असल्यापासून बघतोय. तिथे एक विहीर आहे, विहिरीवर पंप आहे आणि पंपाशी बांधलेला एक कुत्रा आहे, जो पोस्टमनलाही आत घेत नाही. तलाव कधी बांधलात? आणि त्यात उतरायला व्हीलचेअरसकट लिफ्ट! तुमच्या वेबसाइटच्या तळाशी 'ॲक्सेसिबिलिटी स्टेटमेंट' नावाचं जे इंग्रजी भेंडोळं आहे, त्यात हे स्वच्छ छापलंय. कुठल्या हॉटेलाचं उचललंत ते विचारत नाही. निदान तलाव तरी गाळायचात.

हे भेंडोळं मी एरवी कशाला वाचतोय? वाचायची वेळ आमच्या मामांमुळे आली.

मामांनी जन्मभर गणित शिकवलं. काचबिंदूने दृष्टी गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, सगळं ते मोबाइलवर स्वतः करतात. मोबाइल त्यांना वाचून दाखवतो: बोट उजवीकडे सरकवलं की पुढची ओळ, दोनदा टॅप केलं की निवड. तो ज्या वेगाने बोलतो त्यातलं मला अर्धंही कळत नाही. मामांना सगळं कळतं. लेकीला नाशिकला पेटी पाठवायची म्हणून एके दिवशी दुपारी चारला ते तुमच्या साइटवर बसले. मी शेजारी पेपर वाचत होतो.

आधी दरपत्रक. ते तुम्ही फोटो काढून चिकटवलंय, म्हणून मोबाइलने फोटोच्या फाइलचं नाव वाचलं: आय, एम, जी, मग आकडेच आकडे. मामा म्हणाले, "हा भाव म्हणायचा की ट्रकचा नंबर?" पुढे बटणं आली. "अनलेबल्ड, बटन." सरकवलं. "अनलेबल्ड, बटन." चार डझनी कुठली, पाच डझनी कुठली, वाढवायचं कुठलं, कमी करायचं कुठलं, कशालाच नाव नाही. मामांनी अंदाजाने एक दाबलं. मोबाइल गप्प. दाबलं गेलं नसेल म्हणून पुन्हा दाबलं. पुन्हा गप्प. बऱ्याच वेळाने मी डोकावलो तर कार्टमध्ये तेवीस पेट्या!

मी हसलो. मामाही हसले. एक एक करून बावीस पेट्या काढल्या, पैसे भरायच्या पानावर गेलो, तिथे ओटीपी ऐकून टाकेपर्यंत मुदत संपली. दुसऱ्यांदाही संपली. तुमच्या नंबरावर फोन केला तर उचलणारा पोरगा म्हणाला, "फोनवर ऑर्डर घेत नाही, साइटवरूनच करा." मामांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "तू कर."

नऊ वर्षांत हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

त्यानंतर मी तुमचं स्टेटमेंट वाचलं. आपली साइट 'डब्ल्यूसीएजी २.१'च्या 'एए' पातळीचं पूर्ण पालन करते म्हणे. शेठ, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या त्या नियमावलीतला अगदी पहिलाच नियम असा आहे की चित्राला शब्दांचा पर्याय हवा. तुम्ही पहिल्या पायरीवरच आपटलात आणि दारावर पाटी लावलीत, माडी चढून झाली. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं आहेत, ती डोळसालाही दिसत नाहीत. पान उघडताच ढोल वाजवणारा व्हिडिओ सुरू होतो, त्यात मोबाइलचा आवाज बुडतो. ते सोडून देतो. साइट वाईट आहे म्हणून मी पत्र लिहिलं नसतं. रत्नागिरीतल्या किती दुकानांना पायऱ्या आहेत आणि रॅम्प नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यांतल्या एकानेही 'आमच्याकडे रॅम्प आहे' अशी पाटी लावलेली नाही.

आणि हे तुम्ही करावं? कर्नाटकी आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकतात म्हणून दर मोसमात तुमचा घसा बसतो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटलेत. लेबल एक आणि माल दुसरा म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायचं? शेठ, तुमच्या साइटवरचं ते 'एए' म्हणजे कर्नाटकी आंब्यावरचा रत्नागिरीचा शिक्का आहे. फरक इतकाच की आंबा निदान खाता येतो.

साइटच्या कोपऱ्यात निळ्या वर्तुळातला माणूस आहे, तोही बघितला. तो बसवला की साइट आपोआप सगळ्यांची होते, असं विकणाऱ्याने सांगितलं असेल. अमेरिकेत ॲक्सेसीबी नावाच्या कंपनीने असाच दावा केला. २०२५ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला दहा लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडचा कायदाही झोपलेला नाही, फक्त पेंगतोय. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. त्याचं कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, आणि २०१७च्या नियमांनंतरची दोन वर्षांची मुदत कधीच संपली. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भागच ठरवला. म्हणजे मामा तुमच्या दारात भीक मागायला आले नव्हते. पैसे घेऊन आले होते!

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन तुमच्याकडे भांडायला आलो, आठवतंय ना. मामा अढीपाशी बसले. एकेका फळाच्या देठापाशी अंगठा फिरवला, खळगा चाचपला, वास घेतला आणि म्हणाले, "हा उद्या. हा परवा. हा चार दिवसांनी. आणि हा झाडावरून लवकर उतरवलाय, मेल्या." तुम्ही तो शेवटचा उचलून बघितलात आणि काहीच बोलला नाहीत. मी तुमचंच स्टेटमेंट तुमच्यासमोर धरलं. तुम्ही चष्मा कपाळावर ढकललात, मोबाइल हातभर लांब नेलात, जवळ आणलात, पुन्हा लांब नेलात. तुमच्याच साइटच्या तळाची ती करडी, मुंगीएवढी अक्षरं तुम्हाला वाचता येईनात. "आपल्या साइटवर तलाव आहे?" तुम्ही मला विचारलंत. मग म्हणालात, पोराने लावलं, हे लावलं की पुढे कटकट नसते. मोहोर दोनदा गळला, थ्रिप्सच्या फवारण्यांत पैसा गेला, नेपाळी गड्यांची उचल द्यायचीय, बँकेचा माणूस गुरुवारी येणार. त्यात हे कोण वाचतं?

माझं भांडण तिथेच अर्धं विरघळलं. उरलेलं अर्धं अजून शाबूत आहे, म्हणून पोराला द्यायचा मजकूर मीच लिहून पाठवतोय. युरोपातल्या सरकारी साइट्सना काय जमलेलं नाही ते अशा निवेदनात लिहावंच लागतं. तुम्ही आपणहून लिहा.

"आमची साइट सगळ्यांना वापरता येत नाही. दरपत्रक फोटोत होतं. आता खाली अक्षरांतही दिलं आहे. पेट्या कमी-जास्त करायच्या बटणांना नावं नाहीत, गणपतीपर्यंत देऊ. पैसे भरायचं पान दुसऱ्या कंपनीचं आहे, तिथे ओटीपीला वेळ कमी पडतो. त्यांना कळवलं आहे, अजून उत्तर नाही. दृष्टी नसलेल्या एका गिऱ्हाइकाने साइटवर ऑर्डर करून बघितली, तेव्हा त्यांच्याकडून तेवीस पेट्या भरल्या गेल्या. अडलं तर सकाळी आठ ते रात्री आठ फोन करा. जो उचलेल तो ऑर्डर घेईल. आमच्याकडे जलतरण तलाव नाही. विहीर आहे, तिला कठडा नाही, जपून यावे."

खाली तारीख घाला, आणि दर मोसमाला बदला. 'दिलं आहे', 'कळवलं आहे' असं मी लिहिलंय खरं, पण छापण्याआधी खरंच द्या आणि कळवा.

मामांची ऑर्डर अजून तुमच्याकडे पडून आहे. पाच डझनी, नाशिक. एकच.

आपला,
मारुती मंदिराजवळचा भाचा