मुगुटाखालचा एन

वरोऱ्यात माणसं पुष्कळ काही जमवतात. कुणी प्लॉट जमवतो, कुणी लग्नात आलेल्या स्टीलच्या बरण्या, कुणी निवडणुकीआधी माणसं. त्यांना कोणी हसत नाही. मी इटलीच्या चिनीमातीच्या जुन्या बाहुल्या जमवतो म्हटलं, की समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग आमच्या सौभाग्यवतीकडे. तिच्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत सहानुभूती असते.

गावात पाहुणे येतात ते आनंदवन बघायला. बाबा आमट्यांनी १९४९ साली सुरू करून माळरानावर काय उभं केलं, ते बघून माणूस भारावतो आणि तसाच भारावलेला चहाला आमच्याकडे येतो. इथे काचेच्या कपाटात त्याला एक गोरी मेंढपाळीण, एक मासळीवाली आणि एक नाकाडा विदूषक भेटतो.

"हे काय व्हय भाऊ?"

"कापोदिमोन्ते."

"नागपूरले भेटते का?"

मग मी इतिहास सांगतो. तो सांगता यावा म्हणून तर हा सारा खर्च.

अठराव्या शतकात युरोपातल्या राजेलोकांना चिनीमातीचं वेड लागलं होतं. सॅक्सनीच्या ऑगस्टसनं १७१७ साली प्रशियाच्या राजाला आपले ६०० सैनिक देऊन १५१ चिनी भांडी घेतली. म्हणजे एका भांड्याला जवळजवळ चार माणसं पडली. हा भाव ऐकल्यावर माझ्या खरेदीचा विषय आमच्या घरात त्या दिवसापुरता तरी मिटला. याच ऑगस्टसची नात मारिया अमालिया नेपल्सच्या चार्ल्स राजाला दिली. माहेरी माइसेनचा चिनीमातीचा कारखाना आणि सासरी काहीच नाही, हे कोणती लेक चालवून घेईल? १७४३ साली नेपल्सच्या टेकडीवर, कापोदिमोन्तेच्या राजवाड्याच्या आवारात, भट्टी पेटली. माइसेनवाल्यांची केओलिन माती हाताशी नव्हती, म्हणून वेगळं मिश्रण करून मऊ, दुधाळ चिनीमाती तयार केली. ज्युझेप्पे ग्रिच्ची हा तिथला मुख्य मूर्तिकार. पोर्तिचीच्या महालात राणीसाठी अख्खी खोलीच चिनीमातीनं मढवली. ती पुरी होते न होते तोच, १७५९ साली, चार्ल्सला स्पेनची गादी मिळाली. बदली झालेला साहेब क्वार्टरमधले पंखे आणि बल्ब काढून नेतो, तसं या राजानं कारागीर, सामान आणि तयार करून ठेवलेली मातीसुद्धा माद्रिदला नेली. सोळा वर्षांत नेपल्सचा कारखाना आटोपला.

चार्ल्सच्या मुलानं, फर्दिनांदनं, १७७१ साली पुन्हा नवा कारखाना काढला. त्याच्या मालाच्या बुडाशी पुढे मुगुट आणि त्याखाली एन अशी खूण येऊ लागली, एन नेपल्सचा. ही खूण ज्याला त्याला आवडली. फ्लॉरेन्सजवळच्या दोच्चाच्या कारखान्यानं ती घेतली, जर्मनीतल्या कारखान्यांनीही घेतली. त्यामुळे आज बाहुली उलटी केल्यावर मुगुटाखाली एन दिसला, तर ती फर्दिनांदच्या कारखान्यातली नसण्याचाच संभव जास्त. कागद दाखवला की संशय वाढतो, असा हा दाखला. मुंबईच्या मटन स्ट्रीटवरचे दुकानदार मात्र आधी एन दाखवतात आणि मग भाव सांगतात. आमच्या शेजारच्या काकाजींनी भिंग लावून पाहिलं आणि निकाल दिला: "एन म्हणजे नागपूर. इतवारीतून आणला असन."

खरी पारख झाली ती एनकडे न बघणाऱ्यांकडून. भद्रावती आमच्या शेजारची. तिथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघानं कुंभारकामाचं मोठं काम उभं केलं. त्या बाजूचा, मातीत हात मुरलेला एक कारागीर घरी आला. त्यानं मेंढपाळीण उलटी केली आणि बुडाचं भोक शोधलं. पोकळ मूर्तीला भोक नसलं तर आतली हवा भट्टीत तापते आणि मूर्ती फुटते. मग नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. तिच्या टोपलीतल्या फुलांशी मात्र तो थबकला. "पाकळी पाकळी हातानं लावली पाहा. कोण व्हता माहीत नाही, पण हात चांगला व्हता." माझ्या इतिहासातली एकही सनावळी त्यानं ऐकून घेतली नाही.

दुसरा जाणकार आमचा भाचा. वडशाच्या एका झाडीपट्टी नाट्यमंडळात तो विनोदी भूमिका करतो. दिवाळी झाली, शंकरपट सुरू झाले, की तो घरी सापडत नाही. गावोगावच्या मंडपांत रात्र रात्र नाटक. तो विदूषकापुढं उभा राहिला. पांढरा ढगळ सदरा, काळा अर्धा मुखवटा, बाकदार नाक. हा नेपल्सचा पुल्चिनेल्ला. सदा भुकेला, मॅकरोनीवर तुटून पडणारा, मार खाऊनही बडबड न थांबवणारा. यातलं काही सांगायच्या आत भाचा म्हणाला, "पोट पुढं, मान खाली. एंट्रीलेच हशा घेते हा. मार खाणारा दिसते." आणि थोडं थांबून, काळजीनं: "नाइटचे किती भेटत असन याले?"

जवळच्या उघड्या खाणीत सुरुंग उडाला की कपाटात बाहुल्यांचा नाच बघायला मिळतो. काचा थरथरतात, मेंढपाळीण सरकत सरकत पुल्चिनेल्लाच्या जवळ जाते आणि मासळीवाली तोंड फिरवते. अशा वेळी बोटं आधी जातात. जुन्या बाहुलीचं एक बोट गेलं तरी बाजारात भाव उतरतो, म्हणून पडलेली बोटं मी एका डबीत जपून ठेवतो. एका पाहुण्यानं जेवणानंतर बडीशेप समजून ती उघडली. त्यानं पुन्हा आमच्याकडे जेवण घेतलेलं नाही.

माझ्यामागं या संग्रहाचं काय, हा प्रश्न उरतोच. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपला संग्रह १९७५ साली सरकारला दिला. तोच विचार मी जेवताना मांडला. सौभाग्यवतीनं पोळी वाढता वाढता विचार केला.

"द्या ना. उद्याच द्या. पण बाहुल्याच द्या, कपाट नका देऊ. मले त्यात डाळी ठेवायच्या हाये."

तिसरी जाणकार ही. कपाट बल्लारशाहच्या सागवानाचं आहे, आणि माझ्या साऱ्या संग्रहात ज्याच्या अस्सलपणाबद्दल आजवर कुणी शंका घेतली नाही, अशी तेवढी एकच वस्तू आहे.