तात्यांचा तलाव

कोल्हापुरात 'कुठं राहता?' म्हटलं की माणूस पेठ सांगतो. आमचे तात्या तलाव सांगतात. गल्ली नाही, नंबर नाही, नुसतं 'रंकाळा'. आणि तेही अशा थाटात, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे पाण्यातच राहतात.

तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या शेताला पाणी सोडलं, आता जरा आपल्या डोळ्यांना सोडू, म्हणून फंडाचे पैसे मोडून त्यांनी चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बिल्डरनं 'लेक व्ह्यू'चे फुटामागे जादा पैसे लावले. करारनाम्यात लिफ्ट आहे, पार्किंग आहे, बेसिनच्या नळाची कंपनीसुद्धा आहे. तलावाचा शब्द नाही. तलाव होता तो ब्रोशरमध्ये, आणि त्यात दोन हंसही पोहत होते. हंसांचा ताबा अजून मिळालेला नाही.

हॉलमधून पार्किंग दिसतं. बेडरूममधून शेजाऱ्यांची बेडरूम दिसते, म्हणून तिथला पडदा कायम ओढलेला. रंकाळा दिसतो तो स्वयंपाकघरापलीकडच्या धुण्याच्या गॅलरीतून. त्यामुळे पाहुणा आला, की तात्या त्याला चपला काढायचीही उसंत न देता कुकर, कणीक आणि काकू यांच्यामधून वाट काढत तिकडे नेतात. एका हातानं वाळत घातलेली चादर वर धरतात आणि दुसऱ्या हातानं तलाव दाखवतात. "बघा! ह्याला म्हणायचं राहणं!" पाहुणा वॉशिंग मशीनला टेकून 'वा' म्हणतो. 'वा' एकदाच आली तर तात्या चादर आणखी वर धरतात.

मग माहिती सुरू होते. इथं पूर्वी दगडाची खाण होती, अंबाबाईच्या देवळाचा दगड इथलाच, तो समोरचा शालिनी पॅलेस 1931 ते 34 मधला, पावसाळ्यात पाणी चढलं की संध्यामठ कसा बुडत जातो. तात्या हे अशा आपलेपणानं सांगतात, की पॅलेसचा वास्तुशांतीचा प्रसाद त्यांच्याच हातून वाटला गेला असावा. शेवटी नंदीची गोष्ट. रंकाळ्याकाठचा नंदी म्हणे रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. ज्या दिवशी तो तलावात पोचेल त्या दिवशी जगबुडी. पाहुणा दचकलाच, तर तात्या धीर देतात, "काळजी करू नका. अजून लई लांब आहे. बुकिंगच्या आधी मी बघून आलतो."

या तलावाची मालकी मात्र मोसमाप्रमाणे बदलते. सूर्य पलीकडे बुडताना पाणी केशरी झालं, की तो 'आमचा रंकाळा'. चौपाटीवर भेळेच्या गाड्यांना गर्दी झाली, की 'आमच्या रंकाळ्यावर पाय ठेवायला जागा नाही'. पण उन्हाळ्यात पाणी हिरवं पडलं, जलपर्णी पसरली आणि वारा नाल्याच्या बाजूनं फिरला, की तात्या गॅलरीचं दार लावून घेतात आणि म्हणतात, "सरकारनं ह्या तलावाचं काहीतरी केलं पाहिजे." त्या दोन महिन्यांत पाहुण्यांना हॉलमध्येच चहा मिळतो.

तलावाभोवतीची चार-साडेचार किलोमीटरची फेरी तात्यांनी कधी मारल्याचं ऐकिवात नाही. "घरात बसून दिसतोय, तर चालायचं कशाला?" फेरी काकू मारतात, रोज पहाटे. काकूंना कुणी व्ह्यूबद्दल विचारलं, तर अस्सल कोल्हापुरी बाण्यानं सांगतात, "मी बघतोय की रोज. भांडी घासताना दुसरं काय दिसतंय?"

नदीकाठच्या लोकांची तात्यांना कीव येते. नदी बेभरवशी, तलाव घरंदाज, हे त्यांचं लाडकं मत. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्यांना ते सिद्धही करता आलं. पंचगंगेनं पुलावरची मच्छिंद्रीची खूण तर गाठलीच, राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची खूणही कधीच मागं टाकली, आणि तात्यांचे मेहुणे बोचकी, पोरंबाळं आणि गॅसची शेगडी घेऊन चौथ्या मजल्यावर आले. तात्यांनी त्यांना जेवू घातलं, आपला पलंग दिला, कोरडे कपडे दिले. यात काही कमी केलं नाही. फक्त सगळं झाल्यावर चादर वर धरून त्यांनाही रंकाळा दाखवला. मेहुणे हात जोडून म्हणाले, "दाजी, चार दिस झालं पाणीच बघतोय. आता जरा पार्किंग दाखवा."

गेल्या वर्षी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रे लागले आणि पाठोपाठ फलक झळकला : सात मजले, लेक व्ह्यू. फलकावर तेच दोन हंस होते. तात्यांची झोप उडाली. वकिलाकडे गेले. वकिलानं ईझमेंटचा 1882 चा कायदा काढला आणि समजावलं, की उजेडाचा आणि वाऱ्याचा हक्क मागता येतो, तोही वीस वर्षं उपभोग घेतला असेल तर. नजाऱ्याचा हक्क कायद्यात नाही. "मग मी फुटामागं पैसे कशाचे दिले?" तात्यांनी विचारलं. वकील म्हणाले, "ते बिल्डरला विचारा. माझे पाचशे."

तरी हरकतीचा अर्ज करायचाच, असं ठरलं. मजकूर जमेना. तेव्हा काकूंनीच सुचवलं, की आपल्या मागच्या बंगल्यातल्या मास्तरांना अर्जबिर्ज चांगले येतात. तात्या प्रथमच त्या बंगल्यात गेले. मास्तरांनी ऐकून घेतलं, कपाटातून एक जुनी फाइल काढली आणि पुढं ठेवली. विषय : समोर होऊ घातलेल्या इमारतीमुळे रंकाळा दिसणे बंद होणेबाबत. खाली तात्यांच्याच बिल्डिंगचं नाव.

"न्या की," मास्तर म्हणाले. "मजकूर पक्का आहे. बिल्डिंगचं नाव आणि तारीख तेवढी बदला. आणि उत्तराची वाट बघू नका, मीही अजून बघतोय."