1960 मेगावॉट आणि एक काच

गाडी जुनी आहे हे मी कुणाला सांगत नाही. ते काम गाडी स्वतःच करते. कराडहून चिपळूणला बारशाला निघालो होतो. हेळवाक मागे पडल्यावर शेजारी बसलेली आत्या म्हणाली, "काच जरा खाली घे रे, धरण दिसतंय का बघू." मी बटण दाबलं. काच सरसरत खाली गेली ती दाराच्या पोटात गुडुप झाली. धरण धुक्यात होतं. झालं कोयनादर्शन.

वर घ्यायचं बटण दाबलं, तर आतून साधी कुरकुरसुद्धा नाही. आणि कुंभार्ली घाट सुरू होताच पाऊस आला, तोही आडवा, आणि डावीकडूनच. मागून बायकोने गाडीतच छत्री उघडली. छत्री आत्यासाठी होती, तिची काडी माझ्या कानासाठी.

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी थांबलो. तिथल्या एकाने सांगितलं, "बटण दाबून धरा आणि दार जोरात आपटा." आपटलं. आवाजाने माकडं मात्र जमली आणि मांडीवरच्या लाडवांच्या डब्याकडे टक लावून बसली. दुसऱ्याने काच हाताने ओढायचा सल्ला दिला. त्यातली मेख मला ठाऊक आहे. मोटरला मळसूत्रासारखा आटे असलेला दांडा असतो. तो दातेरी चाक फिरवतो, पण चाकाकडून तो दांडा फिरत नाही. चोराने काच हाताने खाली दाबू नये म्हणून ही सोय चांगलीच. पण वर ओढू पाहणाऱ्या मालकालाही ती चोरच समजते. शिवाय ओढायला काच बाहेर कुठे होती?

खरा राग मला गाडी बनवणाऱ्यांचा येतो. पुढच्या काचांना वीज, मागच्यांना हँडल! हात फक्त मागे बसणाऱ्यांनाच असतात, असं यांना कोणी सांगितलं? आणि हे सगळं कुठे, तर कोयनेच्या डोंगरावर. धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी मुख्यतः सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडून इथे 1960 मेगावॉटची वीजकेंद्रं उभी केली आहेत. पोफळीचं वीजगृह तर डोंगराच्या आतच आहे. त्याच डोंगरावरून मी बारा व्होल्टसाठी तोंड वेंगाडत उतरत होतो.

आत्या मात्र गप्प. पदर भिजला, चष्मा भिजला. मी म्हटलं, "आत्या, मागे बसतेस का?"

"राहू दे," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "भूकंपात आमच्या क्वार्टरचं दार असंच अडकलं होतं. चौकट वाकडी झाली होती. ह्यांनी मला खिडकीतून बाहेर काढलं."

11 डिसेंबर 1967ची पहाट. काका तेव्हा कोयना प्रकल्पावर नोकरीला होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरात हा विषय तिने कधी काढला नव्हता. बायकोने छत्री मिटली. मी वायपर उगाचच जोरात केले.

शिरगावला गॅरेज सापडलं. पोऱ्या विशीतला. "बटण दाबल्यावर आतला दिवा मंद होतो का, काका?" होत नव्हता. "मग करंटच जात नाय. मोटर जाम असती तर दिवा मंद झाला असता." त्याने दार आणि बॉडीच्या मधलं रबर दाबून पाहिलं. दार उघडून-मिटून आतली वायर तिथेच तुटते म्हणे. मग दाराचं पॅड उपसलं, दोन क्लिपा शहीद झाल्या. बॅटरीवरून थेट मोटरला दोन वायरी लावल्या. काच वर येईना, नुसतं घुर्र. वायरींची अदलाबदल केली, आणि काच पाटावर येणाऱ्या नवरीसारखी हळूहळू वर आली. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

"वायर बदलायला दार उतरवायला लागंल. आता पावसात नको. चिपळूणपर्यंत ही काच खाली येणार नाय."

"किती झाले?"

"द्या काय ते."

या उत्तराइतकं महाग दरपत्रक महाराष्ट्रात दुसरं नाही. मी पाकिटात डोकं घालून हिशेब करत होतो, तेवढ्यात आत्या खाली उतरली. बायकोला तिने पुढे पाठवलं, स्वतः मागे बसली आणि हँडल गरागरा फिरवून शेजारची काच पार खाली केली. पाऊस आत.

पोऱ्याने पाना पुन्हा हातात घेतला. "मागची पण बिघडली काय, काका?"