मूळ गाव शोधण्याची शास्त्रोक्त पद्धत

साहित्य : आजोबांचे एखादे जुने पोस्टकार्ड, चार्ज केलेला फोन आणि 'सापडलं!' असे ओरडल्यावर दरवेळी नव्याने विश्वास ठेवणारे एखादे माणूस. गाडी आणि पेट्रोल ही फार पुढची गोष्ट.

पोस्टकार्डावरचा पत्ता सुरुवातीपासून वाचू नये. 'मु. पो. वडगाव' दिसताच उतावीळ माणूस तेवढेच टाइप करतो आणि फोन त्याच्यापुढे वडगाव शेरी, वडगाव मावळ, पेठ वडगाव, वडगाव निंबाळकर अशी पंगत बसवतो. पत्ता शेवटून वाचावा. आधी जिल्हा. 'जि. कुलाबा' असेल तर मुंबईच्या कुलाब्यात भटकू नये. तो 1981 पासून रायगड आहे. 'ता. कणकवली, जि. रत्नागिरी' त्याच वर्षी सिंधुदुर्गात गेले, तर 'ता. डहाणू, जि. ठाणे' 2014 मध्ये पालघरात. लातूरकर 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात नांदत होते आणि आता खुद्द उस्मानाबादचेच धाराशिव झाले आहे. बिऱ्हाड न हलवता जिल्हा बदलण्याची ही सोय सरकारने विनाशुल्क केलेली आहे.

पिनकोडवर विसंबू नये. तो आला 1972 मध्ये, म्हणजे बहुधा आजोबांच्या पोस्टकार्डानंतर. शिवाय तो पोस्टाचा असतो, गावाचा नव्हे. 415 ने सुरू होणारे आकडे साताऱ्यातही आहेत आणि रत्नागिरीतही. मध्ये सह्याद्री आडवा आहे, याचे पोस्टाला काही वाटत नाही.

आता स्पेलिंग. वडगावातला 'व' 'व्ही'ने लिहून पाहावा, मग 'डब्ल्यू'ने. तरीही यश न आल्यास 'ड'च्या जागी 'आर' घालावा. हसू नका. 1779 मध्ये वडगाव मावळात मराठ्यांपुढे मान तुकवून तह करणाऱ्या इंग्रजांनी त्या गावाचे नाव कागदोपत्री 'वरगाम'च्या वळणाने लिहून ठेवले. लढाई हरले, स्पेलिंग सोडले नाही. जुनी गॅझेटियर धुंडाळताना हा हट्ट उपयोगी पडतो.

एवढ्यावर न भागल्यास सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा उघडावा. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. फोनला ठाऊक नसलेल्या वाड्या, विहिरी, देवळे तिथे मुकाट्याने बसलेली असतात. माझ्या मते खरा शोध इथेच सुरू होतो. आधीचे सगळे अंगठ्याचे व्यायाम.

खूण भर पाण्यात पडली तर फोनला दोष देऊ नये. मधल्या काळात धरण झाले असेल. उजनीच्या पाण्यात जुने पळसदेव असेच गेले. त्याच नावाचे नवे गाव पुणे-सोलापूर रस्त्यालगत वसले आणि जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. अशा वेळी गुगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रे मागे सरकवत न्यावीत आणि दुष्काळी वर्षाचा मे महिना गाठावा. शेतकऱ्याने ज्या वर्षी कपाळाला हात लावला, ते वर्ष संशोधकाला फार सोयीचे.

गाव सापडले की अक्षांश-रेखांश कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावेत. पहिली दोन उत्तरे सुप्रभातची येतील. तिसरे थोरल्या काकांचे : आपण बुद्रुकचे नाही, खुर्दचे. घाबरू नये, पुन्हा नकाशा उघडावा. खुर्द बहुतेक वेळा ओढ्याच्या पलीकडेच असते, आणि दोघांचे पोस्ट एकच असल्यास पोस्टकार्डही खोटे ठरत नाही.