बोल्टची वंशावळ

विमान उडायला योग्य ठरण्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. ते मंजूर आराखड्याबरहुकूम असले पाहिजे, आणि सुखरूप उडेल अशा अवस्थेत असले पाहिजे. यांतली दुसरी अट टॉर्च आणि आरसा घेऊन विमानाच्या पोटाखाली शिरले की तपासता येते. पहिली अट कपाटात असते. उड्डाणयोग्यता हे मुख्यतः कपाटाचे शास्त्र आहे.

क्रम असा. आधी विमानाच्या जातीला मंजुरी मिळते. तिला टाइप सर्टिफिकेट म्हणतात. ती मिळवण्यासाठी नमुन्याचे पंख सेवेतल्या कमाल अपेक्षित भाराच्या दीडपट भाराखाली वाकवतात आणि ते निदान तीन सेकंद टिकावे लागतात. मग त्या जातीच्या एकेका विमानाची नोंदणी होते. भारतात नोंदलेल्या विमानाच्या अंगावर व्हीटी ही अक्षरे चढतात. त्यानंतर त्या एका विमानाचे स्वतःचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र. आणि एवढे सगळे झाल्यावर, ती योग्यता अजून शिल्लक आहे असे सांगणारे आणखी एक प्रमाणपत्र दरवर्षी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलेल्या पेन्शनरला हे शेवटचे प्रकरण समजावून सांगावे लागत नाही. खिडकीसमोर जातीने उभे असणे हा जिवंत असल्याचा पुरावा नव्हे, आणि गेल्या वर्षीच्या दाखल्यावरून फार तर गेल्या वर्षीचा जिवंतपणा सिद्ध होतो. विमानाला त्यातल्या त्यात एक सवलत आहे. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजल्या म्हणून त्याचा अंगठा यंत्र नाकारत नाही.

विमानासोबत कोणते कागद असावेत, हे ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत झालेल्या कराराच्या कलम २९ मध्ये आहे. परदेशी जाणाऱ्या विमानात नोंदणीचे प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, चालकवर्गाचे परवाने, प्रवासाची नोंदवही, रेडिओ असल्यास त्याचा परवाना, प्रवासी असल्यास चढण्या-उतरण्याच्या ठिकाणांसह त्यांची नावे, आणि माल असल्यास त्याची यादी. मोजून सात. त्या काळी माणसे मितभाषी असावीत. पुढे विमान किती आवाज करते याचाही दाखला सोबतच्या कागदांत आला. कागद जळतो, ही गोष्टही सुटलेली नाही. नोंदणीची अक्षरे कोरलेली अग्निरोधक धातूची पट्टी मुख्य दरवाजाजवळ ठळक जागी बसवलेली असते, म्हणजे बाकी सारे खाक झाले तरी खाक काय झाले ते वाचता यावे.

आता बोल्ट.

स्टोअरच्या टेबलावर दोन बोल्ट ठेवलेले आहेत. लांबी तीच, आटे तेच, डोक्यावरचे चिन्ह तेच. एकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद आहे: बोल्ट कोणत्या मानकाचा, कोणत्या लॉटमधला, कोणी बनवला, कोणी पाठवला. दुसऱ्याची पिशवी वाटेत फाटली. पहिला बोल्ट हा विमानाचा भाग आहे. दुसऱ्याला धातूचा तुकडा म्हणतात. त्याला लाल टॅग लागतो आणि त्याची रवानगी क्वारंटाइन स्टोअरमध्ये होते. ही जाळीची, कुलूपबंद खोली प्रत्येक हँगरात असते. तिच्यात कच्च्या कैद्यांप्रमाणे पंप, व्हॉल्व्ह, वॉशर आपापल्या कागदांची वाट पाहत पडलेले असतात. त्यांच्यावर आरोप कोणताच नसतो, फक्त त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. पुरवठादाराला ई-मेल जाते. तो ज्याच्याकडून माल घेतला त्याला ई-मेल करतो. पहिल्या विक्रेत्याचे उत्तर येते, की असा बोल्ट आम्ही विकलेला आहे, पण दाखला त्याच वेळी पिशवीत घातला होता. इकडे बाहेर विमान उभे असते, त्याला एक बोल्ट कमी असतो, आणि जाळीच्या पलीकडे तो बोल्ट दिसत असतो. स्टोअरकीपर रोज त्याच्यासमोरून डबा घेऊन जेवायला जातो. अखेर कागद मिळाला नाही तर बोल्ट भंगारात जातो, पण तसाच नाही. तो पुन्हा कोणी चांगला म्हणून विकू नये यासाठी आधी कापून, ठेचून त्याचे रूप बिघडवावे लागते. ज्याच्यात खोट सापडलेली नाही अशा वस्तूला हातोडीने मारण्याचे काम ज्याला करावे लागते, त्याने त्या कामाची नोंद करून खाली सही करायची असते.

पंपासारख्या मोठ्या भागाच्या सोबत चौदा क्रमांकांच्या रकान्यांचा फॉर्म येतो. त्यातल्या अकराव्या रकान्यात वस्तूची स्थिती एखाद-दोन ठरावीक शब्दांत लिहितात: नवी, दुरुस्त केलेली, तपासलेली. पोटात काय चालले आहे ते पंपाला ठाऊक. मात्र सर्वांत कडक सोवळे इंजिनातल्या फिरत्या चकत्यांचे. चकतीचे आयुष्य उड्डाणांत मोजतात आणि ठरलेली संख्या भरली की ती धडधाकट असली तरी निवृत्त होते. ही मोजणी चकती कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून सलग दाखवावी लागते. हँगरच्या भाषेत याला ‘बॅक टू बर्थ’ म्हणतात. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा शोधत आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरपर्यंत पोचलेल्या आणि तिथे वाळवी लागलेली पाहिलेल्या कुटुंबांना वेगळे भाषांतर नको. चकती मधली तीन वर्षे अशा एका कंपनीत फिरली, की जी बुडाली आणि जिच्या नोंदी कुठे गेल्या ते कोणी सांगत नाही. मग ती कितीही निरोगी असो, कोट्यवधींची असो, इंजिनात तिला जागा नाही. एका पानावर शिक्क्याचा नंबर पुसट असेल तरीही भाड्याने घेतलेले विमान परत करताना मालकाचा माणूस त्या पानाशी थबकतो आणि करार संपलेल्या विमानाचे भाडे चालू राहते.

या कागदांमागे रक्त आहे, हे इथे नोंदवायला हवे. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले कॉन्व्हेअर ५८० जातीचे विमान डेन्मार्कच्या उत्तरेला समुद्रात कोसळले. आतली ५५ माणसे गेली. तपासात शेपटीचा उभा पंख धडाला जोडणाऱ्या बोल्टांपैकी काही बनावट, पुरेसे कठीण न केलेले निघाले. बोल्टला बाप विचारण्याची पद्धत फालतू नाही. फालतू आहे ती त्या उत्तरावर समाधान मानण्याची पद्धत. पिशवीतला कागद म्हणजेच बोल्ट, असे एकदा ठरले की भामट्याला भट्टी, साचा, लेथ काही लागत नाही. त्याला स्कॅनर, प्रिंटर आणि एक गोल शिक्का पुरतो. प्रामाणिक बोल्ट फाटक्या पिशवीपायी जाळीत कुजतो आणि लबाड बोल्ट चौदा रकाने नीट भरून विमानात जाऊन बसतो. रकाना रिकामा आहे हे सांगायला दहा डोळे असतात. भरलेला रकाना खरा आहे का, हे विचारायला फोन उचलावा लागतो आणि फोन उचलल्याचा रकाना फॉर्मवर नाही!

ही उठाठेव शेवटी कोणाच्या मानेवर बसते, तेही सांगितले पाहिजे. जुलैचा पाऊस पत्र्यावर आदळतो आहे. पहाटेचे तीन वाजले आहेत. टेक्निशियनने कोपर खरचटवून घेत वीस मिनिटांत व्हॉल्व्ह बदलला आहे. आता तो तासभर लिहील: जुन्याचा नंबर, नव्याचा नंबर, मॅन्युअलचे कलम, पान, आवृत्ती, टॉर्क रेंचचा नंबर, त्या रेंचच्या तपासणीची मुदत. मध्यरात्र उलटल्याचे विसरून हात कालची तारीख लिहून जातो. व्हाइटनर चालत नाही. चूक वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर तारीख, आणि सही. इन्स्पेक्टर व्हॉल्व्हकडे अर्धा मिनिट पाहतो. त्या रेघेकडे बराच वेळ.

विमानाची सेवा संपली की नोंदणी रद्द होते. ज्या भागांना वंशावळ आहे ते सुटे करून दुसऱ्या विमानांत जातात, उरलेला सांगाडा भंगारवाला वजनावर नेतो. तरीही कपाट रिकामे करता येत नाही. युरोपीय धर्तीच्या नियमांप्रमाणे कायमचे सेवेबाहेर गेलेल्या विमानाच्या देखभालीच्या ठरावीक नोंदी पुढे निदान बारा महिने जपाव्या लागतात. वर्षश्राद्ध झाले की मग त्या टाकता येतात.