खर्रा घोटेपर्यंतचं विज्ञान

आमच्या चंद्रपूरकडे पानठेल्यावर खर्रा घोटायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात जगातला कुठलाही वैज्ञानिक प्रश्न निकाली निघतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत पडला की विषय निघतो. पन्नी खसाखसा घासली जात असताना चर्चा रंगते. पुडी हातात पडेपर्यंत निष्कर्ष तयार. नोबेलवाल्यांना एवढ्याशा कामाला तीस-तीस वर्षं का लागतात, हे आमच्या चौकाला न उलगडलेलं कोडं आहे.

२ एप्रिल २०२२ची संध्याकाळ आठवा. गुढीपाडवा होता. पावणेआठच्या सुमारास आभाळात जळत्या रेघा ओढत काहीतरी गेलं. विदर्भापासून पार मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी ते पाहिलं. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं, पवनपारकडे एक गोळा सापडला. कडं थंड व्हायचं होतं, मतं मात्र गरमागरम तयार होती.

"विमान पडलं." हे पहिलं मत. माणसं कुठे आहेत, असं कोणी विचारल्यावर ते विनापायलट झालं. मग "मिसाईल हाये, म्या टीव्हीवर पाह्यलं". मग उल्का. मग परग्रहावरचे पाहुणे. हे पाहुणे सगळं जग सोडून सिंदेवाहीलाच काहून येतील, असं मी विचारलं, तर "जंगल हाये ना भाऊ, लपाले बरं" असं बिनतोड उत्तर मिळालं. एकाने तर धर्म आणि अवकाशशास्त्र यांची सांगडच घातली. सकाळी आपण गुढीवर गडू चढवला, संध्याकाळी वरून परतीचा आहेर आला.

शेवटी जोरात आलं ते, "चीनचा हात हाये". आता गंमत अशी की हे मत जवळजवळ खरं निघालं. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने हिशेब मांडला, की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या 'लाँग मार्च ३ बी' रॉकेटचा तिसरा टप्पा त्याच सुमारास खाली यायचा होता; हे तुकडे त्याचे असावेत. आमच्या चौकाचा आनंद गगनात मावेना. "म्या बोललो होतो ना!" बोलला होता खरा. पण करोना आला तेव्हा, दिवाळीच्या लायटिंगच्या माळा आणि जावयाचा फोन वर्षभरात बंद पडले तेव्हाही तो हेच बोलला होता. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं. म्हणून त्याला कोणी वेधशाळेत नेऊन बसवत नाही.

जाणकारांचं मात्र बघा. त्यांच्यातल्या काहींचा पहिला अंदाज चुकला होता. त्याच दिवशी न्यूझीलंडहून एक रॉकेट उडालं होतं, त्याचे अवशेष असतील असं त्यांना वाटलं. मग कक्षेचं गणित समोर आलं आणि पारडं चीनच्या रॉकेटकडे झुकलं. इस्रोची माणसं सिंदेवाहीला आली, तुकडे तपासले, अभ्यासाला घेऊन गेली. नवी माहिती आली की मत बदलायचं, याला ते लोक विज्ञान म्हणतात. पानठेल्यावर याला पलटी मारणं म्हणतात आणि पलटी मारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खर्रा उधार मिळत नाही.

बरं, आभाळातून कधीतरी पडणाऱ्या कड्यावर चौदा मतं आणि रोज पडणाऱ्या राखेवर? शहराला लागून २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, भोवती कोळसा खाणी आहेत, मे महिन्यात पारा ४७ च्या आसपास नाचतो. गच्चीत वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. यावर चौकाचं मत विचारलं. चौक प्रथमच गप्प बसला. मग एकजण म्हणाला, "आपल्याले सवय हाये." मोबाईलच्या टॉवरमुळे मेंदूला भोक पडतं, हे मात्र तोच माणूस गालात तंबाखूचा गोळा धरून, दिवसभर मोबाईल कानाला लावून, तळमळीने सांगतो.

हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण नेहमी नाही. मत फुकट असतं असं आपण समजतो. त्याचं बिल दुसऱ्याच्या नावे फाटतं. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला "हे भानामती करतात" एवढं एक मत गावात फिरलं. सात दलित स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारलं गेलं. त्यांत म्हातारी माणसं होती. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा येऊन तेव्हा आठ वर्षं होत आली होती. कोणी पुरावा मागितला नाही, कोणी काही मोजलं नाही.

आणि मोजणारी माणसं याच जंगलात आहेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे एक पेच होता. लहान मुलांचा न्यूमोनिया गावातच ओळखायचा, तर श्वास मोजायला हवेत. पण शाळेचं तोंड न पाहिलेल्या दायांना पन्नास-साठपर्यंत मोजणं जमेना. मग एक साधन निघालं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यासाठी, एक थोड्या मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. दाईबाईंना स्वतःचं मत कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त पोराच्या उघड्या छातीवर नजर ठेवून मणी सरकवायचा होता. पुढे याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. ज्यांना साठ मोजता येत नव्हते अशा बायांपासून जे सुरू झालं, ते जगाने वाचलं. ज्यांना मोजता येतं ते आम्ही, पन्नी घासत बसलो आहोत.

परवा मी ही हकिगत पानठेल्यावर सांगितली. वर सूचनाही केली, की असं एक यंत्र इथे टांगावं. विषय निघाला की वाळू उलटी करायची, दहा श्वास मोजायचे, मणी सरकवायचा, मग तोंड उघडायचं. 'चीनचा हात'वाल्या भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. पुडी सोडली, चिमूटभर गालात सारली.

"लाल मणी म्हणता?" ते म्हणाले. "म्हणजे यातही चीनचाच हात हाये."

मी मनातल्या मनात त्यांचे श्वास मोजत होतो. पहिला मणीसुद्धा सरकला नव्हता.