लॉर्डसाहेब गोव्यात सापडले, म्हणे!

"रात्री दीड वाजेपर्यंत तुझ्या खिडकीत दिवा होता," गडग्यापलीकडून माईंनी सुरुवात केली. "कोणी आजारी नाही ना गो?"

आजारी कोणी नव्हतं. मी पुस्तक वाचत होते. पण माईंना नुसतं पुस्तकाचं नाव सांगून भागत नाही. कोण मेलं, कोणी मारलं, पैसा किती होता, बायको कशी होती, सगळं साग्रसंगीत लागतं. मला तर वाटतं, खऱ्या गुन्ह्यांवर पुस्तकं लिहिणारे सगळे लेखक माईंनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहीत असावेत. सध्या त्यांची आमसुलं चालू आहेत. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, वाळली की परत रसात, परत उन्हात. म्हणजे दुपारभर माणूस गडग्यापाशी बसून. ऐकणाऱ्याला वेळच वेळ.

"लंडनचा एक लॉर्ड आहे, माई. 1974 साली गायब झाला तो आजतागायत सापडला नाही. मधे गोव्यात सापडला म्हणे, पण ते मागाहून."

"लॉर्ड म्हणजे पैसेवाला असणार."

"घराणं मोठं. लॉर्ड ल्युकन, घराण्यातला सातवा अर्ल. खापरपणजोबा क्रिमियाच्या लढाईत घोडदळाचा सेनापती होता. ह्याला मात्र जुगाराचा नाद. बँकेत चांगला नोकरीला होता, एकदा पत्त्यांत 26,000 पौंड जिंकला आणि दिली नोकरी सोडून. लोक त्याला 'लकी' म्हणायला लागले."

"आणि मग हरायला लागला."

"तुम्ही वाचलंय का हे?"

"त्यात वाचायचंय काय? जुगाऱ्याची गोष्ट लंडनची काय नि आपल्या राजिवड्याची काय."

खरंच हरायला लागला. लंडनच्या क्लरमाँट क्लबात रोजची बैठक, डोक्यावर कर्ज. बायकोशी पटेना, 1973 च्या सुरुवातीला वेगळा राहायला लागला. तीन मुलांच्या ताब्यासाठी कोर्टात गेला. बायको वेडी आहे हे सिद्ध करण्यासाठी खटपटी केल्या, तिच्यावर खासगी गुप्तहेर सोडले, आणि शेवटी केस हरला. मुलं आईकडे.

"मग बायकोला मारलंन?" माईंचा रातांबा हातातच.

"तिला नाही. ऐका तर." मी जरा पुढे सरकले, कारण इथे आवाज खाली आणावाच लागतो. "7 नोव्हेंबर 1974, गुरुवार. मुलं सांभाळायला सँड्रा रिव्हेट नावाची बाई होती, 29 वर्षांची. काही आठवड्यांपूर्वीच कामाला लागलेली. तिची सुट्टी गुरुवारी असायची. त्या आठवड्यात तिनं बदलून बुधवारी घेतली."

"अरे देवा."

"रात्री नऊच्या सुमारास ती मालकिणीसाठी चहा करायला तळघरातल्या स्वयंपाकघरात गेली. तिथला दिव्याचा बल्ब कोणीतरी आधीच काढून ठेवलेला. काळोखात कोणीतरी शिशाच्या पाइपानं तिचं डोकं फोडलं आणि प्रेत टपालाच्या कॅनव्हासच्या पिशवीत कोंबलं. चहा का आला नाही म्हणून लेडी ल्युकन खाली आली, तर तिच्यावरही तोच पाइप. ती झटापट करून वाचली, आणि रक्तानं भिजलेली तशीच धावत कोपऱ्यावरच्या 'प्लंबर्स आर्म्स' नावाच्या पबमध्ये शिरली. मारणारा नवराच होता, हे तिनंच सांगितलं."

"दारूच्या गुत्त्यात? रात्रीची? एकटी बाई?"

माईंना खुनापेक्षा याचंच जास्त वाटलं. पण खरी गंमत पुढेच आहे. त्याच रात्री लॉर्डसाहेब ससेक्समधल्या एका मैत्रिणीच्या घरी पोचले. तिला त्यांनी सांगितलं ते असं: घरावरून जात होतो, तळघराच्या खिडकीतून कोणीतरी बायकोला मारताना दिसलं, वाचवायला आत गेलो, रक्तात पाय घसरला, मारेकरी पळाला, आता सगळे मलाच धरणार. साडूला पत्रं लिहिली की काही दिवस दडून राहतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर गाडीत बसले नि गेले. त्यानंतर त्यांना नक्की कोणी पाहिलं असं नाही. मित्राकडून मागून आणलेली ती फोर्ड कॉर्सेअर न्यूहेवन बंदराच्या गावात उभी सापडली. आत रक्ताचे डाग, डिकीत तसलाच एक पाइपाचा तुकडा.

"काळोख होता म्हणत्येस ना? मग खिडकीतून दिसलं कसं?"

बघा. लंडनच्या पोलिसांनी नेमका हाच मुद्दा धरला. रस्त्यावरून जाता-जाता त्या तळघरातलं दिसणं जवळपास अशक्य, हे त्यांनी जागेवर तपासून पाहिलं. माई चौथीपर्यंत शिकलेल्या.

डीएनएची चाचणी तेव्हा नव्हती. रक्ताचा गट तेवढा कळे. सँड्राचा बी, लेडी ल्युकनचा ए. कुठल्या जिन्यावर कुठला गट आणि गाडीत दोन्ही मिसळलेले कसे, यावर पुस्तकवाल्यांनी पानंच्या पानं भरली आहेत. ती मी माईंना सांगितली नाहीत. जून 1975 मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरच्या ज्युरीनं अर्ध्या तासाच्या आसपास विचार केला आणि खुनी म्हणून सरळ ल्युकनचं नाव घेतलं. आरोपी समोर नाही, खटला नाही, आणि नाव जाहीर. यावर इतका गदारोळ झाला की पुढे 1977 मध्ये कायदा बदलून कोरोनरच्या ज्युरीचा हा अधिकारच काढून घेतला.

"मग गेला कुठं मेला?"

इथून पुस्तकांचा बाजार सुरू होतो. 1987 मध्ये पॅट्रिक मार्नहॅमचं 'ट्रेल ऑफ हॅवॉक'. त्याच साली सॅली मूरचं पुस्तक, त्याच्या नावातच लॉर्ड निर्दोष. मग पोलिसांनाही लेखणी सुचली: 1994 मध्ये तपासाचे प्रमुख रॉय रॅन्सन यांचं 'लुकिंग फॉर ल्युकन', आणि 1995 मध्ये त्यांच्याच हाताखालच्या डेव्हिड गेरिंगचं 'ल्युकन लिव्ह्ज'. एकाच तपासातले दोन अधिकारी, निवृत्तीनंतर दोन पुस्तकं, आणि माणूस कुठेच नाही. आपल्याकडे निवृत्त फौजदार फार तर कट्ट्यावर बसून सांगतो, तेही फुकट.

कोणी म्हणतं, इंग्लिश खाडीत उडी मारली. कोणी म्हणतं, श्रीमंत मित्रांनी आफ्रिकेत पोचवला. त्यातला एक मित्र जॉन ॲस्पिनॉल. त्याचा क्लबही होता आणि केंटमध्ये खासगी प्राणिसंग्रहालयही. म्हणून एक वदंता अशी की ल्युकनला तिथल्या वाघांना घातला.

"वाघ तरी खातील का असल्याला!" असं म्हणून माईंनी परातीतली सालं उलटी केली.

आणि त्या गडबडीत ऑस्ट्रेलियात काय झालं ते तर ऐकाच. खून झाला त्याच महिन्यात जॉन स्टोनहाउस नावाचा ब्रिटिश खासदार मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून नाहीसा झाला. सगळ्यांना वाटलं बुडाला. हा पठ्ठ्या मेलेल्या माणसाच्या नावाचा पासपोर्ट घेऊन मेलबर्नला. तिथल्या पोलिसांना संशय आला की हा इंग्रज म्हणजे फरार लॉर्ड ल्युकनच. 24 डिसेंबर 1974 ला पकडला आणि आधी विजार वर करायला लावली, कारण ल्युकनच्या उजव्या मांडीवर जखमेचा व्रण होता. व्रण नाही. लॉर्ड नव्हे, पण खासदार सापडला! एका बेपत्ताला शोधताना दुसराच बेपत्ता हाती लागावा, असं बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाडातही सोसलं नसतं.

"पण तू गोवा-गोवा करत होतीस मघाशी?"

तिथेच येत होते. 2003 मध्ये डंकन मॅक्लॉफलिन नावाच्या स्कॉटलंड यार्डच्या माजी डिटेक्टिव्हनं 'डेड लकी' हे पुस्तक काढलं. त्यात ठणकावून लिहिलं की लॉर्ड ल्युकन गोव्यात राहत होता. नाव 'जंगली बॅरी'. लांब दाढी, अंगावर बेताचेच कपडे, हिप्पींच्या मेळ्यात सुखात, आणि 1996 साली वारला. पुराव्याला फोटो. लंडनच्या एका मोठ्या रविवारच्या वर्तमानपत्रानं मजकूर छापला. सगळीकडे बोंबाबोंब.

"आणि?"

"आणि लगेच माइक हार्डिंग नावाच्या तिथल्या प्रसिद्ध विनोदवीरानं कळवलं की अहो, हा तर आमचा बॅरी! उत्तर इंग्लंडातला लोकगीतं गाणारा, बँजो वाजवणारा. आमच्याबरोबर क्लबांतून गायचा. स्वस्ताई आणि ऊन बघून हिंदुस्थानात गेला. झालं, लॉर्डाचा गवई झाला."

माई इतक्या हसल्या की परात कलंडली. चार सालं मातीत.

हसू ओसरल्यावर माझ्या मनात आलं ते आपल्या रत्नागिरीचं. माणूस नाहीसा झाला, प्रेताची खात्री पटली नाही, की तोतया उभा राहतोच. 1761 मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पडताना पाहिलं असं छातीठोक सांगणारं कोण? पार्वतीबाईंनी म्हणे शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. मग 'मीच भाऊ' म्हणणारा निघाला, धरला गेला, आणि कैदेत इथे रत्नागिरीलाच होता. 1776 मध्ये इथल्याच सुभेदारानं त्याला बाहेर काढला, भाऊसाहेब म्हणून उभा केला, आणि बघता-बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे. शेवटी आंग्र्यांनी धरून दिला आणि पुण्यात ठार मारला. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' नाटकच लिहिलं.

पण भाऊंचा तोतया निदान आपल्या तोंडानं खोटं बोलला होता. गोव्याच्या बॅरीनं काय केलं? दाढी वाढवली, बँजो वाजवला नि मेला. मेल्यावर सात वर्षांनी एका डिटेक्टिव्हनं त्याला अर्ल केलं. त्याला नाही म्हणायचीही सोय नव्हती. न्यूझीलंडात 2007 मध्ये एका इंग्रजाला ती सोय मिळाली. बिचारा लँड रोव्हरमध्ये मांजर, बकरी आणि एक पॉसम घेऊन राहत होता. शेजाऱ्यांना वाटलं, हाच ल्युकन. त्यानं सांगितलं की बाबांनो, मी त्याच्याहून वयानं लहान आणि उंचीनं कितीतरी बुटका.

"शेजाऱ्यांनीच उठवलं ना?" माई म्हणाल्या, आणि समोरच्या बंगल्यात नव्यानं राहायला आलेल्या दाढीवाल्याकडे दोघींनीही एकदम पाहणं टाळलं.

सगळ्यांत शहाणी निघाली ती म्युरिएल स्पार्क. तिनं 2000 मध्ये 'एडिंग अँड ॲबेटिंग' ही कादंबरी लिहिली. पॅरिसमधल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईकडे दोन रुग्ण येतात आणि दोघंही म्हणतात, मीच लॉर्ड ल्युकन. तिनं कादंबरी म्हणून लिहिलं आणि कादंबरी म्हणूनच विकलं. माझं मत विचाराल तर या सगळ्या कपाटात प्रामाणिक तीच. बाकीच्यांना शेवटचं प्रकरण कोरं सोडवत नाही. अडीचशे पानं वाचकाला फिरवून आणलं, आता 'ठाऊक नाही' कसं लिहायचं? मग खाडी, वाघ, आफ्रिका नाहीतर गोवा. वाचकही काही कमी नाही. मीसुद्धा दीड वाजता दिवा लावून काय शोधत होते? तो मेला की जिवंत, एवढंच. चहा करायला गेलेली बाई का मेली, हे नव्हे.

ते विचारलं माईंनीच.

"त्या मुलीचं काय गो? तिच्यावर कोणी लिहिलं?"

मी पुस्तकाची पानं चाळली. त्याच्या घोड्यांचं, कपड्यांचं, क्लबात काय खायचा त्याचं पान-पान. सँड्राला मिळालेत ते परिच्छेद. लॉरा थॉम्प्सननं 2014 च्या 'अ डिफरंट क्लास ऑफ मर्डर' मध्ये निदान हा वर्गभेद उकलून दाखवला आहे: उमराव, त्यांचे मित्र, त्यांची गुपितं, आणि मालकिणीच्या जागी मेलेली मोलकरीण. लेडी ल्युकननं 2017 मध्ये स्वतःचं आत्मचरित्र काढलं आणि त्याच वर्षी ती गेली. सँड्राचा एक मुलगा दत्तक दिलेला होता. आपली आई कोण आणि कशी मेली, हे त्याला मोठेपणी कळलं. तेव्हापासून लॉर्डाच्या मागावर सगळ्यांत हट्टानं निघालेला माणूस तोच.

"सापडला?"

"नाही."

माई काही बोलल्या नाहीत. मातीतली चार सालं उचलून धुतली आणि परत रसात टाकली. मग म्हणाल्या, "त्या थॉम्प्सनबाईनं लिहिलेलं दे मला. नातीकडून वाचून घेईन. तो गोव्याचा फोटो मात्र नको."

तुम्हांलाही हेच सांगेन. बेपत्ता माणसांची पुस्तकं जरूर वाचा, फक्त विकत घेण्याआधी मेलेल्या माणसाला किती पानं दिली आहेत ती मोजा. फेब्रुवारी 2016 मध्ये लंडनच्या हायकोर्टानं ल्युकनच्या मृत्यूचा दाखला दिला आणि त्याचा मुलगा आठवा अर्ल झाला. सँड्रा रिव्हेटच्या खुनाबद्दल आजवर कोणावरही खटला चाललेला नाही.